नितळ पाणी, निर्मळ पाणी

(आपल्या रोजच्या वापरातील बहुतेक पदार्थ मिश्रणाच्या रूपात असतात. ही मिश्रणे किती प्रकारची असतात आणि त्यांतील घटक वेगळे कसे करतात, हे प्रस्तुत पाठात लेखिकेने चिपळूणच्या पुराच्या अनुभवातून समजावून सांगितले आहे. जे स्वच्छ दिसते ते शुद्ध असतेच असे नाही, हे तिला स्वतःच्या चुकीतून कसे कळले, तेही तिने मोकळेपणाने सांगितले आहे.)

मुलांनो, रमजानच्या महिन्यात इफ्तारच्या वेळी तुमच्या घरी सरबत करतात. पाण्यात साखर घालतात, लिंबू पिळतात आणि वर थोडा सब्जा टाकतात. ढवळल्यावर साखर दिसेनाशी होते. सब्जाचे दाणे मात्र फुगून पेल्यात तरंगताना दिसतात. साखर आहे पण दिसत नाही; सब्जा आहे आणि दिसतोही. मिश्रणांचे दोन मुख्य प्रकार या एका पेल्यात तुम्हांला भेटतात.

दोन किंवा अधिक पदार्थ एकमेकांत मिसळले, पण त्यांच्यापासून नवा पदार्थ तयार झाला नाही, तर त्याला मिश्रण म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला आमेज़ा म्हणता. मिश्रणातील घटकांचे प्रमाण ठरलेले नसते. सरबतात साखर दोन चमचे घाला की चार चमचे घाला, ते सरबतच राहते. प्रत्येक घटक आपले गुणधर्मही सोडत नाही. साखर पाण्यात विरघळली तरी तिची गोडी कायम असते. लोखंड गंजते तेव्हा मात्र तपकिरी रंगाचा नवाच पदार्थ तयार होतो. त्याला मिश्रण म्हणता येणार नाही.

ज्या मिश्रणाचा प्रत्येक भाग सारखाच असतो, ते समांगी मिश्रण होय. मिठाचे पाणी, साखरेचे पाणी ही समांगी मिश्रणे आहेत. मिश्रण द्रवच असले पाहिजे असे नाही. तांबे आणि जस्त यांच्यापासून बनवलेले पितळ हेही समांगी मिश्रण आहे. आपण श्वासावाटे घेतो ती हवासुद्धा नायट्रोजन, ऑक्सिजन आणि इतर वायूंचे मिश्रण आहे. कोरड्या हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के आणि ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. याउलट, ज्या मिश्रणातील घटक सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ते विषमांगी मिश्रण होय. गढूळ पाणी, खडे मिसळलेले तांदूळ, तेल आणि पाणी ही विषमांगी मिश्रणे आहेत.

हा धडा मी वर्गात अनेकदा शिकवला होता. फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या आणि परीक्षेत प्रश्नही विचारले होते. परंतु त्याचा खरा अर्थ मला समजला तो २०२१ सालच्या जुलै महिन्यात.

पुराने केलेले मिश्रण

त्या वर्षी २१ जुलैला बकरी ईद होती. ईदसाठी मी चिपळूणला माझ्या मामूंच्या घरी गेले होते. बाजारपेठेत मामूंचे किराणा दुकान आहे. दुकानाच्या वर घर आणि मागच्या परसात विहीर. ईदच्या रात्री पाऊस थांबायचे नाव घेईना. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, वासिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले. बाजारपेठ पाण्याखाली गेली. आम्ही वरच्या मजल्यावर बसून दुकानात चढत जाणारे पाणी पाहत होतो. मामू काही बोलत नव्हते. हातात तसबीह घेऊन ते जिन्याच्या पायऱ्या मोजत होते. अजून सहा उरल्या, अजून पाच उरल्या.

पाणी ओसरले तेव्हा खाली गेलो. सगळीकडे घोट्यापर्यंत चिखल होता. तांदूळ, डाळ, खिळे, साबण, वह्या, काचा, सारे एकमेकांत मिसळले होते. मामू म्हणाले, "बेटी, चाळीस वर्षे मी एकेक वस्तू वेगळ्या डब्यात भरत आलो. नदीने एका दिवसात सारी एक करून टाकली."

मिसळणे किती सोपे आणि वेगळे करणे किती कठीण, हे त्या दिवशी कळले. आम्ही मात्र कामाला लागलो.

कोरडी मिश्रणे

पाणी वाढू लागले तेव्हा आम्ही काही पिशव्या घाईघाईने माळ्यावर टाकल्या होत्या. त्यांतील तांदळाची आणि मोहरीची पिशवी फुटून दोन्ही एकत्र झाले होते. ते कोरडे होते, त्यामुळे वापरता येण्यासारखे होते. मुमानींनी चाळणी घेतली. मोहरीचे बारीक दाणे चाळणीच्या छिद्रांतून खाली पडले आणि तांदूळ वर राहिला. येथे दोन घटकांच्या आकारांतील फरक उपयोगी पडला. या पद्धतीला चाळणे म्हणतात.

मग त्यांनी तांदूळ सुपात घेऊन पाखडला. हलका कोंडा आणि पिशवीचे धागे उडून पुढे गेले, जड दाणे सुपातच राहिले. पाखडताना वजनातील फरक कामी येतो. शेवटी त्यांनी तांदूळ ताटात पसरून खडे हातांनी निवडले. निवडताना रंग आणि आकार ओळखणारे आपले डोळे हेच साधन असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खाली दुकानात पुराच्या पाण्यात भिजलेला तांदूळ आम्ही वेगळा करत बसलो नाही. तो धुऊन, वाळवून पुन्हा पांढरा दिसला असता. पण पुराच्या पाण्यात गटारातील घाण मिसळलेली असते. मामूंनी डोळे पुसले आणि ती सारी पोती टाकून दिली.

शेजारी लोखंडी सामानाचे दुकान होते. तेथील खिळे आणि स्क्रू चिखलात रुतले होते. शेजारच्या चाचांनी एका जुन्या लाउडस्पीकरमधील लोहचुंबक काढून दोरीला बांधले आणि चिखलातून फिरवले. खिळे झुबक्यांनी चिकटून वर आले. पितळी स्क्रू मात्र चिखलातच राहिले, कारण लोहचुंबक पितळेला ओढत नाही. ते काढण्यासाठी चाचांनी घमेल्यात चिखल आणि पाणी घेऊन हलकेच गोल हेलकावे दिले. चिखल पाण्याबरोबर बाहेर पडला आणि जड पितळ तळाशी राहिले.

तुम्ही सोनारांच्या गल्लीत झारेकरी पाहिले आहेत काय? उर्दूत त्यांना नियारिया म्हणतात. सोनारांच्या दुकानांसमोरील धूळ झाडून ते ती घमेल्यात घेऊन अशीच धुतात. सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड असते आणि वाळू साधारण अडीच पटच जड असते. त्यामुळे वाळू वाहून जाते आणि सोन्याचे कण मागे राहतात.

तेल आणि पाणी

दुकानामागे मामूंनी पंपासाठी डिझेलचा डबा ठेवला होता. तो उलटून डिझेल एका टाकीतील पाण्यात सांडले होते. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसत होते. डिझेल पाण्यात विरघळत नाही. शिवाय ते पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम भरते, तर एक लिटर डिझेलचे वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास असते. म्हणून डिझेलचा थर वर तरंगतो.

मामूंनी एक मोठी प्लास्टिकची बाटली घेतली. तिचा तळ कापला, बूच घट्ट लावले आणि ती उलटी धरली. वरून ते मिश्रण ओतले. थोड्या वेळाने दोन थर स्पष्ट दिसू लागले. मग त्यांनी बूच हळूच सैल केले. खालचे पाणी निघून गेले. डिझेलचा थर तोंडाशी येताच त्यांनी बूच आवळले. प्रयोगशाळेत याच कामासाठी विलगकारी नरसाळे वापरतात. (मुलांनो, डिझेल पेट घेते. हा प्रयोग तुम्ही खाण्याचे तेल आणि पाणी घेऊन करा.)

डिझेल अगदी स्वच्छ दिसत होते. पण पंप दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणाला, "चाचा, हे इंजिनात घालू नका. डोळ्यांना दिसत नाही, पण यात पाण्याचा अंश राहिलेला असणार." त्याचे ते बोलणे मी ऐकले आणि सोडून दिले. ते मी तेव्हाच मनावर घ्यायला हवे होते.

नाहीसे झालेले मीठ

दुकानात मिठाची आणि साखरेची पोती होती. पूर ओसरल्यावर तेथे फक्त रिकामी पोती सापडली. मुन्ना हा मामूंचा आठ वर्षांचा नातू. तो म्हणाला, "आपा, मीठ चोरीला गेले!"

मीठ चोरीला गेले नव्हते. ते पाण्यात विरघळले होते. विरघळणाऱ्या पदार्थाला द्राव्य म्हणतात, ज्यात तो विरघळतो त्याला द्रावक म्हणतात आणि दोन्ही मिळून जे समांगी मिश्रण तयार होते त्याला द्रावण म्हणतात. उर्दूतील महलूल तो हाच. द्रावणातील मीठ कितीही बारीक कापडातून गाळले तरी वेगळे होत नाही, कारण त्याचे कण कापडाच्या छिद्रांहून फारच लहान असतात.

मग ते मीठ गेले कोठे? वासिष्ठीने ते दाभोळच्या खाडीत नेले आणि तेथून ते अरबी समुद्राला मिळाले. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सर्वांत मोठा वाटा आपल्या खाण्याच्या मिठाचा असतो. ते परत मिळवण्याची पद्धत कोकणातील आणि ठाणे-पालघरकडील लोकांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. ती पद्धत म्हणजे मिठागर.

पावसाळा संपला की मिठागरांची डागडुजी सुरू होते. मोठ्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतात. ते एका उथळ वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवतात. ऊन आणि वारा यांमुळे पाण्याची वाफ होत राहते आणि उरलेले पाणी अधिकाधिक खारट होत जाते. प्रथम जिप्समसारखे कमी विरघळणारे क्षार तळाशी बसतात. पुढच्या वाफ्यात मिठाचे स्फटिक तयार होतात. शेवटी जे थोडे पाणी उरते ते कडू असते, कारण त्यात मॅग्नेशिअमचे क्षार असतात. ते काढून टाकतात. मग कामगार भर उन्हात अनवाणी उभे राहून मीठ ओढतात आणि त्याचे ढीग रचतात. पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात आणि द्रावणातून स्फटिक वेगळे होण्याच्या क्रियेला स्फटिकीकरण म्हणतात.

याच साध्या मिठासाठी १९३० साली देशात सत्याग्रह झाला. गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठागराकडे निघालेल्या सत्याग्रहींचे नेतृत्व ७६ वर्षांच्या अब्बास तय्यबजींनी स्वीकारले. १२ मे १९३० रोजी त्यांनाही अटक झाली.

मिठागरात मीठ मिळते, पण पाणी हवेत निघून जाते. मीठ आणि पाणी दोन्ही हवे असतील तर? त्यासाठी द्रावण बंद भांड्यात उकळतात, वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात नेतात आणि थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. ही पद्धत म्हणजे ऊर्ध्वपातन. उर्दूत तिला कशीद म्हणतात. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने अत्तरे आणि ऊर्ध्वपातन या विषयावर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. उत्तर प्रदेशातील कन्नौज येथे आजही तांब्याच्या देगेत गुलाबाची फुले आणि पाणी उकळतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते आणि अत्तर तयार होते. ईदच्या दिवशी कानामागे अत्तराचा फाया ठेवाल तेव्हा या पद्धतीची आठवण ठेवा.

आणखी एक गोष्ट मी त्या दुकानात पाहिली. भिजलेल्या वह्यांवर काळ्या स्केचपेनने लिहिलेली नावे फुटली होती. काळ्या रंगाभोवती निळ्या आणि जांभळ्या रंगांची वलये उमटली होती. ती काळी शाई म्हणजे अनेक रंगांचे मिश्रण होते. कागदातून पाणी पसरताना प्रत्येक रंग वेगवेगळ्या अंतरापर्यंत गेला. शास्त्रज्ञ ही पद्धत मुद्दाम वापरतात. तिला क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

विहिरीचे पाणी

आता मूळ गोष्टीकडे येते.

विहीर पुराच्या पाण्याने भरली होती. पाणी चहासारखे तांबूस दिसत होते. मदत म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या येत होत्या, पण त्या पुरत नव्हत्या. आमचे गॅसचे सिलिंडर वाहून गेले होते आणि लाकडे ओली होती. सहा कुटुंबांत मिळून एकच शेगडी चालू होती. तिच्यावर आळीपाळीने स्वयंपाक व्हायचा.

मी घागरभर पाणी काढून ठेवले. जाड माती तासाभरात तळाशी बसली. या क्रियेला अवसादन म्हणतात. वरचे पाणी मी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतले. याला निवळणे म्हणतात. तरीही पाणी गढूळच होते. मातीचे अतिशय बारीक कण पाण्यात तसेच तरंगत राहिले होते. या कणांवर एकाच प्रकारचा विद्युतप्रभार असतो. त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येत नाहीत आणि खालीही बसत नाहीत.

मग मी तुरटी घेतली. तुरटी, म्हणजेच तुमची फिटकरी, पाण्यात फिरवली की तिच्यातील ॲल्युमिनिअममुळे कणांवरील प्रभार नाहीसा होतो. कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कापसासारखे पुंजके तयार होतात. पुंजके जड असल्यामुळे खाली बसतात. मी थोडा वेळ थांबले. मग पाणी चौपदरी कापडातून गाळले. पाणी काचेसारखे नितळ झाले. मुमानींनी दुवा दिली. मुन्ना पेला घेऊन आला आणि म्हणाला, "आपा, पिऊ?"

ते उकळायला हवे हे मला ठाऊक होते. पण शेगडीवर आमची पाळी संध्याकाळी होती आणि मूल तहानलेले होते. मी म्हणाले, "पी. तुरटी फिरवली आहे, गाळलेही आहे."

दुसऱ्या दिवशी रात्री मुन्नाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पहाटेपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. मामू त्याला खांद्यावर घेऊन चिखलातून मदत केंद्रावर निघाले. मी मागून चालत होते. सारा रस्ता माझ्या मनात तो एकच शब्द घुमत होता, "पी."

डॉक्टरांनी मुन्नाला तपासले आणि मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजायला सांगितले. मग त्यांनी मला विचारले, "पाणी कोणते दिले होते?" मी सारे सांगितले. मी विज्ञान शिकवते हेही सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाई, तुम्ही पाण्यातून माती वेगळी केलीत. जंतू वेगळे केले नाहीत."

मुलांनो, आजार निर्माण करणारा जिवाणू किती लहान असतो? एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील एक-दोन भागांइतका. कापडाची छिद्रे त्याच्यासाठी दरवाजासारखी असतात. तुरटीमुळे काही जंतू मातीच्या पुंजक्यांबरोबर खाली बसतात, पण सगळे बसत नाहीत आणि तुरटीने ते मरतही नाहीत. एका पेल्यात असे हजारो जंतू असले तरी पाणी नितळच दिसते.

चार दिवसांत मुन्ना बरा झाला. त्याने खायला मागितले तेव्हा आमच्या जिवात जीव आला. विचार करा, त्याला आजारी पाडले ते एक मिश्रण होते आणि बरे केले तेही एक मिश्रणच होते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळले की हे द्रावण तयार होते. मोजमाप मात्र चुकवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

पुढे आरोग्य विभागाचे लोक आले. त्यांनी आधी विहीर उपसायला लावली, चिखल काढायला लावला आणि नवे पाणी जमल्यावर त्यात ब्लीचिंग पावडर टाकली. मी विचारले, "पावडर आधीच का टाकली नाही?" ते म्हणाले, "गढूळ पाण्यात टाकली तर तिच्यातील क्लोरीन घाणीवरच खर्च होतो. जंतूंसाठी उरत नाही." म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी निवळायचे, मग गाळायचे आणि शेवटी जंतू मारायचे. त्यासाठी पाणी चांगले खळखळ उकळू द्यावे. उकळी आल्यानंतरही निदान एक मिनिट ते तसेच उकळू द्यावे. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनची गोळी वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तुरटी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

आता मी हा धडा शिकवते तेव्हा मुलांना प्रत्येक मिश्रणाबाबत तीन प्रश्न विचारायला सांगते. पहिला प्रश्न : यात काय काय मिसळले आहे? दुसरा प्रश्न : त्या घटकांच्या कोणत्या गुणधर्मात फरक आहे? आकार, वजन, विरघळणे की चुंबकाकडे ओढले जाणे? त्यावरून पद्धत ठरते. तिसरा प्रश्न पूर्वी मी विचारत नव्हते : वेगळे केल्यावरही आत काय शिल्लक राहिले आहे?

तुमच्या घरी पावसाळ्यात गढूळ पाणी येईल, कोणी तुरटी फिरवेल आणि पाणी आरशासारखे होईल. तेव्हा लहान भाऊ किंवा बहीण पेला घेऊन तुमच्याकडे येईल. त्या वेळी तिसरा प्रश्न विसरू नका. पाणी नितळ झाले आहे; ते निर्मळ होण्यासाठी थोडा वेळ थांबा.

शब्दार्थ

मिश्रण – आमेज़ा
द्रावण – महलूल
ऊर्ध्वपातन – कशीद
बाष्पीभवन – तबख़ीर
तुरटी – फिटकरी
नितळ – आरपार दिसणारे, साफ
निर्मळ – शुद्ध, पाक
गढूळ – गदला
परस – घराच्या मागील मोकळी जागा
माळा – छताखाली सामान ठेवण्याची जागा
उघाडी – बांधातील पाणी आत-बाहेर सोडण्याची वाट
डागडुजी – दुरुस्ती, मरम्मत
फाया – अत्तराचा कापूस
आळीपाळीने – बारी-बारी से
जिवात जीव येणे – काळजी दूर होणे, धीर येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिश्रण कशाला म्हणतात?
(आ) पितळ कोणत्या दोन धातूंपासून बनवतात?
(इ) चाचांनी चिखलातून खिळे कसे काढले?
(ई) मिठागरात शेवटी उरलेले पाणी का काढून टाकतात?
(उ) डॉक्टर लेखिकेला काय म्हणाले?

प्र. २. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा.
(अ) ज्या मिश्रणाचा प्रत्येक भाग सारखा असतो, ते ......... मिश्रण होय.
(आ) समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ......... ग्रॅम क्षार असतात.
(इ) डिझेल पाण्यापेक्षा ......... असते.
(ई) तुरटी ही ......... पायरी आहे, शेवटची नव्हे.

प्र. ३. योग्य जोड्या लावा.
'अ' गट : (१) तांदूळ आणि मोहरी (२) तेल आणि पाणी (३) मिठाचे पाणी (४) माती आणि खिळे (५) काळी शाई
'ब' गट : (क) बाष्पीभवन (ख) लोहचुंबक (ग) चाळणे (घ) क्रोमॅटोग्राफी (च) विलगकारी नरसाळे

प्र. ४. कारणे लिहा.
(अ) मामूंनी भिजलेला तांदूळ टाकून दिला.
(आ) मिठाचे पाणी गाळून मीठ वेगळे होत नाही.
(इ) नितळ पाणी प्यायल्यावरही मुन्ना आजारी पडला.
(ई) विहीर उपसल्यानंतरच ब्लीचिंग पावडर टाकली.

प्र. ५. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मिठागरात मीठ कसे तयार होते?
(आ) तुरटीमुळे पाणी नितळ कसे होते?
(इ) लेखिकेची चूक कोणती? त्या प्रसंगी तुम्ही काय केले असते?

प्र. ६. भाषाभ्यास
(अ) विरुद्धार्थी शब्द लिहा : जड, नितळ, सोपे, ओला, थंड.
(आ) उदाहरणाप्रमाणे रूप लिहा : गाळणे – गाळून. चाळणे, उकळणे, पाखडणे, ओतणे, निवडणे.
(इ) वाक्यात उपयोग करा : जिवात जीव येणे, मनावर घेणे, कामाला लागणे.

उपक्रम

(१) वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र करा. तिन्ही घटक पुन्हा वेगळे करा. कोणती पद्धत आधी वापरली आणि का, ते मराठीत लिहा.
(२) तुमच्या घरी पिण्याचे पाणी कसे शुद्ध करतात, ते आईला किंवा दादीला विचारा. त्या क्रियांची मराठी आणि उर्दू नावे वहीत समोरासमोर लिहा.